मुक्कामी गाडी आणि शेवटची तीन रिळे

वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत मी जे सिनेमे पाहिले, त्यांतला एखाद-दुसरा सोडला तर एकाचाही शेवट मी पाहिलेला नाही. मी भित्री नव्हते, झोपाळूही नव्हते. आमच्या गावाला जाणारी मुक्कामी एस.टी. रात्री नऊला सुटत असे आणि तालुक्याच्या टॉकीजमधला सहाचा खेळ नऊ वाजून गेल्यावरच सुटत असे, एवढेच त्याचे कारण.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी थोडे उलगडून सांगायला हवे. तालुक्याहून शेवटची म्हणून सुटलेली गाडी आडगावी पोचली की रात्रभर तिथेच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा गाडीतल्याच बाकांवर अंथरूण टाकतात आणि पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या, शाळेची पोरे आणि कचेरीत खेटे घालणारी माणसे घेऊन पहिली गाडी म्हणून परत निघते. ती चुकली तर रात्र स्टँडवर काढायची. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, माण-खटावच्या त्या उघड्याबोडक्या माळावर रात्री नऊनंतर दुसरे वाहन मिळेल अशी आशा १९८०च्या दशकात कुणी धरत नसे.

सिनेमा आम्ही पाहायचो तो बाजाराच्या दिवशी, तोही वर्षातून तीन-चार वेळाच. आमच्या भागातल्या कितीतरी घरांप्रमाणे आमचेही वडील मुंबईला गिरणीत होते, त्यामुळे बाजार आईच्या अंगावर असे. दुपारी तिथे मटकी, हुलगे, कधी अंडी विकायची, त्याच पैशांतून मीठमिरची, चहापत्ती, सुकट घ्यायची आणि पाच वाजता बाजार उठला की वायरची पिशवी खांद्याला अडकवून टॉकीजकडे वळायचे. टॉकीजला एक नाव होते, पण ते कुणी घेत नसे. गावात दुसरी टॉकीजच नव्हती, तर नाव कशाला हवे? आईबरोबर आमच्या आळीतल्या चार-पाच बायका असत. बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी होती आणि तिथे रांग आखूड असे, म्हणून गावातले बाप्ये हातात पैसे घेऊन आमच्याभोवती घुटमळत आणि ‘वैनी, तेवढं एक आमचंबी काढा’ म्हणत. आई सहसा काढून देई. सुकटीची पिशवी पायांत ठेवून आम्ही बसलो की पुढच्या रांगेतले लोक मान वळवून बघत, पण बाजाराच्या दिवशी त्या टॉकीजमध्ये सुकट आणणाऱ्या आम्ही काही एकट्याच नव्हतो.

आता आमचे किती बुडणार, हे सिनेमा सुरू होतानाच कळत असे. पडद्यावर सर्वांत आधी सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र येते, त्यावर त्या काळी चित्रपटाची मीटरमधली लांबी आणि रिळांची संख्या लिहिलेली असे. ते प्रमाणपत्र झळकले रे झळकले की पिटातली पोरे ‘सोळा!’, ‘अठरा!’ असे ओरडत. हजार फुटांचे एक रीळ साधारण अकरा मिनिटे चालते, हा हिशेब मला पुढे कळला. आईला मात्र तो अनुभवाने पाठ होता. सोळा रिळे म्हणजे तीन रिळांवर पाणी सोडायचे, अठरा म्हणजे पाच. चौदाचा आकडा आला तर आमच्या रांगेत खुशी पसरे, कारण मग निदान मारामारी सुरू होईपर्यंत तरी बसता येणार असे. चित्रपटाच्या लांबीवर इतके बारकाईने लक्ष ठेवणारे प्रेक्षक त्याच्या निर्मात्यालाही लाभले नसतील.

त्यात वैरी होता तो माहितीपट. प्रत्येक खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचा समाचारपट किंवा माहितीपट दाखवणे त्या काळी चित्रपटगृहांना बंधनकारक होते. पंधरा-वीस मिनिटे पडद्यावर कारखान्यांच्या चिमण्या, पूरग्रस्तांना धान्यवाटप, कुटुंबनियोजनाचा त्रिकोण आणि हमखास एखादे धरण येई आणि एक भारदस्त आवाज त्याचे वर्णन करी. शहरातली माणसे तेवढ्यात चहा पिऊन येत. आम्हांला मात्र ती वीस मिनिटे थेट आमच्या शेवटातून कापून घेतल्यासारखी वाटत. धरणाच्या दारांतून पाण्याचा लोंढा उसळताना पाहून आई एकदा शेजारणीला म्हणाली होती, ‘धरणं दावत्यात, पर आपल्याकडं पाणी कवा येणार ते न्हाई दावत.’ शेजारीण म्हणाली, ‘त्येचा शेवट नऊनंतर आसंल.’

पावणेनऊ झाले की आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवी. तिच्याकडे घड्याळ नव्हते. दाराशी उभ्या असणाऱ्या डोअरकीपरला आमच्या सगळ्या गाड्या पाठ होत्या आणि वेळ झाली की तो बॅटरीचा झोत एकदा जमिनीवर फिरवी. त्या झोतासरशी निम्मे थिएटर उठे, कारण आसपासच्या सगळ्याच गावांच्या शेवटच्या गाड्या नऊच्या आगेमागे होत्या. आपली सावली पडद्यावर पडू नये म्हणून सगळे कमरेत वाकून, पिशव्या छातीशी धरून, एकमेकांच्या पायांवर पाय देत निघत. तालुक्याची माणसे मग ऐसपैस होऊन आमच्या रिकाम्या जागांवर पाय टाकत. त्याचा मला फार राग येई. आपण अर्धे जेवून उठावे आणि दुसऱ्याने आपल्या पानावर बसावे, तसे ते वाटे.

दाराच्या जाड, मळकट पडद्याशी मी दर वेळी थांबत असे. एका हाताने आई बाहेर ओढत असायची आणि मी मान वळवून शेवटचे एक चित्र डोळ्यांत घेत असायचे: जिन्यावर उभा असलेला कुणीतरी, दोराने बांधलेली आई, पावसात धावणारा घोडा. त्या चित्राचे पुढे काय झाले, ते मला आजतागायत माहीत नाही. बाहेर आल्यावरही सिनेमा लगेच सुटत नसे. स्टँडकडे जाणारी बोळ टॉकीजच्या भिंतीला लागूनच होती आणि भिंतीपलीकडून संवाद ऐकू येत. शब्द कळत नसत, पण कोण ओरडते आहे आणि कोण रडते आहे ते कळे. पन्नासएक पावलांवर पिठाची गिरणी लागे आणि तिच्या धडधडीत सगळे विरून जाई.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या वर्षी पावसाळ्याआधी वडील गावी आले ते आलेच. तेव्हापासून बाजाराला तेही येऊ लागले. टॉकीजमध्ये मात्र ते कधी आले नाहीत. ‘लालबागला भारतमातामधी सगळं बघून झालंय,’ एवढेच ते म्हणत. आम्ही आत असताना ते स्टँडवर थांबत आणि गाडी लागली की खिडकीतून टॉवेल टाकून आमच्यासाठी जागा धरून ठेवत. आम्ही धापा टाकत पोचलो की टॉवेल उचलून काही न बोलता सरकून बसत. सिनेमा कसा होता, हे त्यांनी एकदाही विचारल्याचे मला आठवत नाही. सुटलेल्या नोकरीचे आणि लालबागचे त्यांच्या मनात काय चालले होते, हे विचारण्याचे माझे वय नव्हते. ज्या वयात विचारता आले असते, त्या वयात मी विचारले नाही.

खरा सिनेमा गाडीत सुरू होत असे. गाडी गावाबाहेर पडली, आतले दिवे मालवले गेले की कंडक्टर तेवढा बॅटरीच्या उजेडात तिकिटांच्या पत्र्याच्या ट्रेवर पंच टिकटिकवत मागे-पुढे फिरे आणि अंधारात बायकांचा शेवट रचणे चाले. सुरुवात बहुधा आईच करी. ‘आता त्यो धाकला भाऊ पोलीस झालाय म्हंजी त्योच ह्याला धरणार.’ ‘धरंल कसा? सख्खा भाऊ हाय.’ ‘वळकलंय कुठं आजून?’ मग कोण कुणाला कशावरून ओळखणार, यावर खल होई. सिनेमावाल्यांचा भर अशा वेळी ताईत, गोंदण आणि लहानपणीचे गाणे यांवर असतो. आमच्या गाडीतल्या बायकांना त्यातले काही पटत नसे. आईचे म्हणणे असे की पोरगा आईला चालीवरून ओळखू येतो, त्याला ताईत कशाला पाहिजे?

आईच्या शेवटांत मरणे फार कमी असत. खलनायकालाही ती मारीत नसे. त्याला ती म्हातारा करी, आजारी पाडी आणि सुनेच्या हाताखाली ठेवी, जे तिच्या मते फाशीपेक्षा जास्त होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तिच्या शेवटांत कागदपत्रे असत. ठाकुराने किंवा सावकाराने अंगठा घेऊन लुबाडलेली जमीन सिनेमात पहिल्या रिळात जाते आणि पुढे तिचे कुणी नावही काढत नाही, ही आईची कायमची तक्रार होती. नायक बदला घेतो, नायिका मिळवतो, आईच्या मांडीवर डोके ठेवतो. पण जमिनीचे काय झाले? म्हणून आईच्या शेवटात कुणीतरी तलाठ्याकडे जाई, फेरफार होई, सातबारावर बाईचे नाव चढे आणि मगच सगळे हसत एका ओळीत उभे राहत. त्या काळच्या पटकथालेखकांनी एकदा तरी आमच्या मुक्कामी गाडीने प्रवास करायला हवा होता, असे मला अजूनही वाटते.

कंडक्टरने पुष्कळदा तो सिनेमा दुसऱ्या गावी पाहिलेला असे. एकदा तो न राहवून म्हणाला, ‘मावशी, तसं न्हाई हो होत. ती शेवटाला—’ आणि सगळ्या बायका एकदम ओरडल्या, ‘सांगू नका!’ त्याला वाटले असेल, यांना पुढे कधीतरी पाहायचा असेल. तसे काही नव्हते. गाडीत शिजत आलेल्या शेवटात बाहेरच्याने हात घालू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा डिसेंबरअखेरीला भरते. बैलांच्या बाजाराशेजारी तंबूतले सिनेमे लागत. तिथे गाडीची घाई नव्हती, कारण आत्याच्या घरी मुक्काम असे. जमिनीवर बसायचे, मध्ये दोर बांधून बायकांची बाजू वेगळी केलेली, थंडीने पाय आखडलेले, आणि मागे ट्रकमध्येच बसवलेल्या यंत्रातून येणारा प्रकाशाचा पट्टा, ज्यात सगळ्या यात्रेची धूळ तरंगत असे. यात्रेत येणारी प्रिंट मात्र सगळीकडे फिरून झिजलेली असायची. रिळाची झीज सर्वांत जास्त होते ती त्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला, कारण यंत्रात ओवताना आणि काढताना हात तिथेच लागतात. तुटलेला तुकडा कापून पुन्हा जोडायचा, असे करता करता दर रिळाची टोके आखूड होत जातात. परिणाम असा, की नायकाने पिस्तूल उचलले आणि पुढच्याच क्षणाला सगळे देवळात उभे आहेत, पाठोपाठ ‘समाप्त’. आई म्हणाली, ‘हितं बसूनबी शेवट घावला न्हाईच.’

एकदा मात्र तो घावला. तोही यात्रेमुळेच. यात्रेच्या जादा फेऱ्यांसाठी गाड्या गेल्याने आमची गाडी त्या दिवशी साडेदहाला सुटेल, असे स्टँडवरच्या फळ्यावर खडूने लिहिले होते. वडिलांनी ते वाचून दाखवले, पण खडूने लिहिलेल्यावर आईचा विश्वास नव्हता. खडू पुसता येतो. पावणेनऊला बॅटरीचा झोत फिरला आणि आम्ही सवयीने उठलो. तेवढ्यात आमच्यातल्या एका काकूंनी आईचा पदर ओढला आणि पुढे बोट केले. चार रांगा सोडून, पडद्याच्या उजेडात, दोन खाकी डगले शेजारी शेजारी बसले होते. एकाच्या मांडीवर तिकिटांचा पत्र्याचा ट्रे होता. आमचेच ड्रायव्हर आणि कंडक्टर! क्षणभर कुणाला काही सुचेना. मग आई खाली बसली, पिशवी पुन्हा पायांत ठेवली आणि म्हणाली, ‘ते उठल्याबिगर मी न्हाई उठायची.’

त्या रात्री आम्ही निम्मा वेळ पडद्याकडे आणि निम्मा वेळ त्या दोन डोक्यांकडे पाहत होतो. कंडक्टर नुसता खाकरला तरी आमची रांग दचकत होती. सिनेमाचा शेवट आम्ही अखेर पाहिला: पिंपांनी भरलेले गोदाम, फटाफट उलटणारी पिंपे, वेळ निघून गेल्यावर आलेली पोलिसांची जीप आणि एका ओळीत उभे राहून हसणारी माणसे. दिवे लागले. थिएटर उजेडात पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. भिंतीवर हिरवा रंग आहे, छताला पंखे आहेत आणि आपण बसलो त्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी बदाम कोरला आहे, हे मला तेव्हा कळले.

गाडीत सगळ्या गप्प बसल्या. बोलायला काही उरलेच नव्हते. कंडक्टर तिकिटे फाडून पुढे जाऊन बसला, घाट संपला, एक नाला ओलांडून झाला तरी कुणी बोलेना. मग अंधारातून आईचा आवाज आला, ‘पर त्या लंगड्या पोरीच्या लग्नाचं काय झालं?’ आणि गाडीत जीव आला. गाव येईपर्यंत त्या पोरीचे लग्न ठरले होते, हुंडा न घेता.

१९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला आणि गावोगावच्या बायका ट्रॅक्टर-ट्रॉल्या करून सिनेमाला निघाल्या. प्रिंटची पेटी आधी मोठ्या गावांत आणि मग लहान गावांत, अशी फिरत आमच्या तालुक्याला पोचेपर्यंत पुढचे साल उजाडले होते. आमच्या आळीची ट्रॉली मी पाहिली, नव्हे, मीही तिच्यात होते. ट्रॉली आपलीच असल्याने नऊची धास्ती नव्हती आणि सिनेमाची गोष्ट तर पाहण्याआधीच सगळ्या गावाला तोंडपाठ होती. तरीही आईने तोही शेवट पाहिला नाही, कारण शेवटची दहा मिनिटे तिने डोळ्यांचा पदर काढलाच नाही. आजूबाजूला सगळ्याच बायका तशाच बसल्या होत्या. अलका कुबल पडद्यावर जे काही सोसत होत्या ते पाहायला त्या वेळी थिएटरात बहुधा डोअरकीपर आणि मी, अशा दोघांचेच डोळे उघडे होते.

पुढे मी शिकायला पुण्याला आले. तिथे गाडी नव्हती, चालत जायचे होते. तरी कितीतरी महिने पावणेनऊ झाले की माझे पाय चुळबुळत. एकटीने पूर्ण पाहिलेल्या पहिल्या सिनेमाचे नावही आता आठवत नाही, पण ‘समाप्त’ची पाटी येऊन गेल्यावर मी तशीच बसून राहिले होते आणि झाडूवाल्या मामांनी ‘ताई, संपला’ असे सांगितले, हे आठवते.

२०१६च्या मे महिन्यात मी आईला घेऊन साताऱ्याला ‘सैराट’ पाहायला गेले. एव्हाना तालुक्याची टॉकीज बंद होऊन तिचे मंगल कार्यालय झाले होते. मध्यंतरापर्यंत थिएटर अक्षरशः नाचत होते. पोरे खुर्च्यांवर चढली होती आणि त्यांच्याकडे पाहून आईही हसत होती. मग तो शेवट आला. पडद्यावरचा आवाज थांबतो आणि ते एवढेसे लेकरू रक्तात माखलेले पाय टाकत रडत बाहेर येते. शिट्ट्या मारणारी पोरे खाली मान घालून बाहेर पडली. वाटेत मी गाडी चालवत होते आणि आई खिडकीबाहेर पाहत होती. मी वाट पाहत होते, की ती आता काहीतरी जुळवील. ते लेकरू कुणीतरी उचलून नेईल, वाढवील, त्याच्या नावावर काहीतरी करील. पुसेगाव मागे पडले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘आपण पावणेनऊला उठाय पायजे होतं.’

गेल्या दिवाळीत मी तिला मोबाइलवर ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. दादासाहेब फाळक्यांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लागला. मूळ चार रिळांचा चित्रपट, त्यांतली पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे आज उरली आहेत. तीही १९१३ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. आई अंगणात बाजेवर बसून, मोबाइल लांब धरून पाहत होती. तारामती पडद्यावर आली आणि आई लगेच म्हणाली, ‘ह्यो बाप्या हाय.’ मी सांगितले, की हो, बायका तेव्हा सिनेमात काम करायला तयार होत नसत, म्हणून एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी तारामती केले. ‘खांद्यावरनंच कळतंय,’ ती म्हणाली. बघता बघता चित्रपट संपला.

‘मधली दोन रिळं हरवलीत,’ मी म्हटले. ‘सुरुवात आहे, शेवट आहे, मधलं कुठंच नाही.’

‘मग त्यात काय,’ आई म्हणाली. तिने मोबाइल बाजेवर पालथा ठेवला आणि राजाच्या स्वप्नापासून सुरुवात केली. विश्वामित्राला दिलेले राज्य, काशीचा रस्ता, बाजारात विकली गेलेली तारामती, डोंबाघरचे पाणी, रोहिदासाला झालेला सर्पदंश, सगळे तिने क्रमाने आणि अजिबात घाई न करता सांगितले. गल्लीतली दोन पोरे येऊन पायरीवर बसली. मसणवाट्यातला प्रसंग आला, देव प्रकट झाले, रोहिदास उठून बसला, विश्वामित्राने राज्य परत दिले. मग ती थांबली. मला वाटले, संपले.

‘परत दिलं म्हंत्यात,’ ती म्हणाली, ‘पर नोंद कुणाच्या नावावर झाली?’